पांडुअण्णांच्या पत्त्यावरची पोस्टकार्डं

सव्वीस वर्षं महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवलं, पण मंडईत कोणी हाक मारली तर ती ‘अहो यादीवाल्या बाई’ अशीच असते. मी शिकवलेले पाढे लोक विसरले. नाव लावलं होतं की उडवलं होतं, हे कोणी विसरत नाही.

निवडणूक आली की सरकारला शिक्षकांची आठवण येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरं काम निवडणूक नसते तेव्हाचं असतं. मतदारयादीचे भाग पाडलेले असतात. एका भागात साधारण हजारभर नावं, एक मतदान केंद्र आणि एक शिक्षक. यादी काखेत मारून दारोदार जायचं आणि नावांपुढे खुणा करायच्या. गेलेल्यांपुढे ‘मयत’, घर बदललेल्यांपुढे ‘स्थलांतरित’, दोनदा आलेल्यांपुढे ‘दुबार’. नवीन नावासाठी सहा नंबरचा फॉर्म, नाव काढायला सात नंबरचा. एवढंच शास्त्र.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील, म्हणजे आमचे दादा, कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवायचे. हातोड्यांच्या आवाजात मी बी.ए.चा अभ्यास केला, त्यामुळे वर्गात साठ पोरं ओरडली तरी माझं काही बिघडत नसे. पदवीच्या कागदाला दादांनी स्वतः तांब्याची चौकट केली. ती चिंचेने घासून लख्ख ठेवायचं काम अजून माझ्याकडेच आहे.

पहिला भाग मिळाला तो कसब्यातलाच. तिथे यादी वाचायची गरजही नव्हती. मतदान दणदणीत व्हायचं. निवडणूक कचेरीतले साहेब मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन इतरांना टोचायचे आणि मी पदर सावरून बसायची. खरी गोष्ट वेगळी होती. गल्लीतली निम्मी माणसं केव्हाच कोथरूडला, धनकवडीला राहायला गेली होती. नावं मात्र पेठेतच. मतदानाच्या सकाळी ही सगळी मंडळी स्कूटरवरून परत येत, गणपतीला नमस्कार करत, मत देत आणि आमच्या आईच्या हातचे पोहे खाऊन, कोणाचं लग्न ठरलं याची चौकशी करून दुपारी आपापल्या घरी जात. नियमाप्रमाणे त्यांच्या नावांपुढे ‘स्थलांतरित’ लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. दर मतदानाला जो घरी पोहे खायला येतो, तो स्थलांतरित कसा, असा माझा विचार.

पुढे माझी बदली सोलापूर रस्त्याच्या बाजूच्या, नुकत्याच शहरात आलेल्या एका गावी झाली. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून मला चहाला बोलावतात, ते बंद व्हायला नको. शाळेजवळच स्वस्तात फ्लॅट मिळाला, म्हणून आम्ही दोघं नवराबायको तिथेच राहायला गेलो. ज्वारीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या तेव्हाचे हे दिवस. कालपर्यंत बैलगाडीने जाणारा माणूस रातोरात मोठी गाडी घ्यायचा आणि तिच्यात कडब्याच्या पेंढ्या भरून आणायचा.

त्या भागात तीन प्रकारची माणसं होती. पहिली गावकी. जमिनी विकलेली, पण गाव न सोडलेली. यादीची चार पानं एकाच आडनावाची. या मंडळींचं मतदान सकाळी दहाच्या आत उरकायचं. म्हाताऱ्या ट्रॅक्टरमधून यायच्या. एखादी सून आली नाही तर दुपारी तिच्या दारात चुलतसासरा उभा.

दुसरी सोसायटी. बारा मजले, चार इमारती, आणि माझा पहिला सामना वॉचमनशी. “मॅडम, इंटरकॉमवर कोणी उचलत नाही.” उचललं तर वरून आवाज यायचा, “मॅम, ऑनलाइन नाही का होणार? लिंक पाठवा ना.” तेव्हा लिंकही नव्हती आणि माझ्याकडे कॉम्प्युटरही नव्हता. एका मुलाने दार उघडलं, मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, “मॅम, ॲक्च्युअली पुढच्या वर्षी मी कुठे असेन मलाच आयडिया नाही. बेंगलोर, मेबी अमेरिका. नाव कुठे लावू?” प्रामाणिक प्रश्न होता. मतदानाच्या सुट्टीला ही मंडळी खडकवासल्याला कणसं खायला जायची. त्यांच्यावर टीका करणारे लेख मी पुष्कळ वाचले. पण त्या लेखकांपैकी कोणी बारा मजले चढून त्यांना विचारायला गेलेलं नव्हतं. मी गेले होते. लिफ्ट बंद असतानाही.

तिथेच माझी एक चूक झाली. तीनदा जाऊनही एक फ्लॅट बंद दिसला. मी नियमाने ‘स्थलांतरित’ लिहिलं, नाव उडालं. मतदानाच्या दिवशी देवधर नावाचे निवृत्त गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. त्यांना त्यांचं नाव सापडेना, मलाही सापडेना.

“अहो, मी मुलाकडे शिकागोला गेलो होतो,” ते म्हणाले. “परत येण्याची पद्धत आहे तिथून.”

मी माफी मागितली. ते म्हणाले, “राहू द्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मला ठरवावं लागत नाहीये. बरं वाटतंय.” आणि काठी टेकत गेले. ते बोलले त्याचं काही वाटलं नाही, पुण्यात जन्म गेला माझा. पण पाठ फिरवल्यावर त्यांनी शाई न लागलेल्या आपल्या बोटाकडे एकदा पाहिलं, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या गल्लीतल्या माणसांना मी जी सवलत दिली, ती या माणसाला दिली नव्हती.

तिसरी माणसं शाळेमागच्या खोल्यांतली. पांडुअण्णा गावकीतले वजनदार गृहस्थ. जमीन विकून उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्यांच्या चार रांगा बांधल्या होत्या. तिथे वऱ्हाडातून आलेली कुटुंबं राहत. पुरुष कारखान्यांत, बायका सोसायटीत कामाला. चारशेच्या आसपास माणसं असतील. यादीत त्या गल्लीतली नावं बावीस, आणि त्यांतले सहा मयत.

इतकी वर्षं त्या बावीस नावांपुढे मी दारातूनच खुणा करून जायची. पहिल्यांदा आत टेकले ते ऐन मे महिन्यात. रंजना वानखडे नावाच्या बाईंनी मला बसायला पोतं दिलं आणि अर्धा पेला पाणी दिलं. अर्धाच. मी दुसऱ्यांदा मागणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पुरवून प्या बरं बाई. टँकर परवा येते.”

महापालिकेची पाइपलाइन गावकीच्या आळीपर्यंत आली होती, सोसायटीपर्यंत आली होती. मधल्या खोल्यांना वळसा घालून गेली होती. बायका नळ मागायला नगरसेवकांकडे गेल्या. त्यांनी चहा पाजला, यादी काढली आणि अगदी सरळ सांगितलं, “ताई, तुम्ही सगळ्या मिळून सोळा मतं आहात. मी सोळा मतांसाठी रस्ता खोदू?”

हे सांगताना रंजनाताई चिडलेल्या नव्हत्या. “खरं बोलला बाप्पा तो माणूस,” एवढंच म्हणाल्या.

“मग नावं का नाही लावली तुम्ही? किती वर्षं झाली इथे?”

“अकरा. पण नाव गावाले आहे ना. ग्रामपंचायतीच्या मताले गाडी करून जातो आम्ही सगळे. नाव काढलं तर मामाजी म्हणतीन, सून घरातून निघाली.” मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, “तुमी कुठी राहता बाई?”

“इथेच. शाळेच्या पुढे, पिवळी बिल्डिंग.”

“मंग तुमचं नाव इथंच असन.”

मी यादी चाळल्यासारखं केलं. माझं नाव कसब्यात होतं. आठ वर्षं मी त्या गावात राहत होते, तिथल्या हजार माणसांच्या नावांपुढे खुणा करत होते, आणि मत द्यायला टेबल तासा-दोन तासांसाठी दुसऱ्या बाईंकडे सोपवून पोह्यांच्या वासाने पेठेत जात होते.

“कसब्यात आहे,” मी म्हटलं.

रंजनाताई इतक्या हसल्या की शेजारच्या खोल्यांतून बायका बाहेर आल्या. “अवं पाहा ना, बाईचं बी आपल्यावाणीच आहे!”

त्याच आठवड्यात मीटिंग होती. मागच्या निवडणुकीत माझ्या भागात मतदान सगळ्यात कमी झालेलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय बाई, कसब्यात चमकत होता, इथे काय झालं? लोक उदासीन आहेत का?”

“साहेब, यादीत आहेत त्यांतले बरेच इथे राहत नाहीत, आणि इथे राहतात त्यांतले बरेच यादीत नाहीत. टक्केवारी कशाची काढायची?”

साहेब म्हणाले, “मग दुरुस्त करा.” म्हणायला सोपं असतं.

चाळीत पहिला अडथळा राहण्याच्या पुराव्याचा. भाडेकरार कोणाकडेच नव्हता. लाइटचं बिल पांडुअण्णांच्या नावाचं. अण्णांना मी ओट्यावर गाठलं.

“न्हाई बाई,” ते म्हणाले. “तुमी शाळंच्या, तुमास्नी न्हाई म्हणवत न्हाई, पर न्हाई. एकदा सरकारी कागदावर त्यांचं नाव माज्या पत्त्यावर लागलं की खोली गेली.”

“अण्णा, ही मतदारयादी आहे. सातबारा नाही.”

“कागद त्यो कागद.”

मी परत आले आणि पुराव्यांची पुस्तिका काढून बसले. अकरा बारा प्रकारचे पुरावे होते. अगदी शेवटचा असा की, अर्जदाराच्या नावे त्या पत्त्यावर टपालाने आलेलं पत्र. दुसऱ्या दिवशी रंजनाताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आमाले कोण पत्र लिवते बाई? आता सगळे फोनच करतात.” मग त्यांनी पुस्तिकेवर बोट ठेवलं. “कोणी लिवलं पायजे असं लिवलं आहे का त्याच्यात?”

लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा वाचलं. पत्र टपालाने यावं, नावाने यावं आणि त्या पत्त्यावर यावं, एवढंच होतं. आणि माणूस तिथे खरोखर राहतो की नाही हे मी स्वतः जाऊन बघणारच होते. त्यात खोटं काही नव्हतं. पदवीचा उपयोग अशा वेळी होतो.

हडपसरच्या पोस्टात त्या दिवशी पोस्टकार्डं संपली. बायकांनी एकमेकींना पत्रं लिहिली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची रंजनाताईंनी लिहिली. सगळ्या हसत खिदळत जाऊन पेटीत टाकून आल्या. आणि आम्हा शहाण्या बायकांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही की खोल्यांना नंबरच नव्हते. प्रत्येक कार्डावर पत्ता एकच, ‘पांडुअण्णांची चाळ, शाळेमागे’. पोस्टमन त्या चाळीचं टपाल कुठे टाकायचा? वर्षानुवर्षं टाकत होता तिथेच. पांडुअण्णांच्या ओट्यावर.

चौथ्या दिवशी अण्णा शाळेत आले. डोक्याला टॉवेल, हातात सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा. मी फळ्यावर भागाकार लिहीत होते. मुलांना गणित घालून मी व्हरांड्यात गेले. अण्णांनी कार्डं चुलीत घातली असती तर कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी सगळ्यांना खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या असत्या तरी कोणी विचारणार नव्हतं. आणि ही युक्ती निघाली होती माझ्या पुस्तिकेतून.

“ह्ये तुमचं काम,” अण्णा म्हणाले.

“हो.”

“उघडी पत्रं. वाचली मी. सगळी वाचली. दोन दिस लागले.”

त्यांनी चष्मा लावला आणि वरचं एक काढलं. “ह्ये बगा. ‘प्रिय शोभा, तू बरी आहेस ना. मी पण बरी आहे. आपण काल भेटलोच.’ ह्याला काय पत्र म्हंत्यात?” दुसरं काढलं. “ह्यात लिवलंय, ‘मालकाच्या संडासाला आतून कडी नाही, दार एका हाताने धरून बसावे लागते.’ ह्ये आख्ख्या पोस्टानं वाचलं आसंल का न्हाई?”

मी हसू आवरत होते आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

मग त्यांनी खिशातून वेगळं ठेवलेलं एक कार्ड काढलं. ते वाचून दाखवलं नाही, माझ्या हातात दिलं. रंजनाताईंनी स्वतःच स्वतःला लिहिलेलं होतं. ‘प्रिय रंजना, तू इथे अकरा वर्षे राहतेस. दोन्ही लेकरे इथेच झाली. तू इथे राहतेस हे कोणत्याच कागदावर नाही. हे पत्र जपून ठेवजो.’

अण्णा व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. “अकरा वर्सं,” ते म्हणाले. “माज्या धाकट्याच्या लग्नात भाकऱ्या थापल्या तिनं. आमची जिमीन गेली तवा आमच्या समद्या कागदांवर सह्या घेतल्या, पर कागद व्हता म्हणून पैसं तरी मिळालं.” मग एकदम उठले. “खोली जात न्हाई म्हंता?”

“नाही जात. जातेय असं कोणी म्हणालं तर मला बोलवा.”

“मंग नंबर टाकतो दारावर. आन् त्यांस्नी सांगा, कडी कालच लावली हाय.”

त्या संध्याकाळी अण्णा ऑइलपेंटचा डबा घेऊन स्वतः आकडे रंगवत होते. सात नंबरची खोली दोनदा आली. शेवटपर्यंत ती ‘सात’ आणि ‘दुसरी सात’ अशीच राहिली, आणि माझ्या यादीतही तशीच गेली.

दुसरा अडथळा गावाकडच्या नावांचा. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, हे मी प्रत्येक दारात सांगितलं. घराघरांत भांडणं झाली. शेवटी बहुतेक घरांनी आपापसांत तोडगा काढला. नवऱ्याचं नाव गावाकडे, बायकोचं इथे. रंजनाताईंनी सासऱ्यांना फोनवर सांगितलं ते मी समोर बसून ऐकलं. “मामाजी, घर तिथंच आहे. तुमचा लेक बी तिथंच मत टाकीन. पण पाणी मी इथं भरतो ना. मंग मी इथं टाकतो.”

पलीकडून म्हातारे म्हणाले म्हणे, “पाण्याचं खरं आहे.”

मी फॉर्म नेऊन दिले तेव्हा साहेबांनी मला बोलावून घेतलं. “बाई, काहीतरी चुकलंय. या गल्लीत बायका पुरुषांच्या तिप्पट कशा?” मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली.

त्यानंतर आठ दिवसांनी माझ्या फ्लॅटवर पोस्टकार्ड आलं. ‘बाईंना नमस्कार. तुम्ही पण इथेच राहता. पुरावा म्हणून हे जोडावे. रंजना वानखडे, खोली नं. बारा.’

माझ्याकडे लाइटचं बिल होतं, पासबुक होतं. मी सहा नंबरचा फॉर्म भरला आणि तेच कार्ड जोडलं. आता वाटतं, आधी एक झेरॉक्स काढायला हवी होती. ते कार्ड कुठल्यातरी सरकारी कपाटात आहे आणि मला ते परत मिळणार नाही.

मग कसब्यात सांगायला गेले. आई पोह्यांचे कांदे चिरत राहिली. दादा हंड्याच्या काठावर हातोडी मारत होते. थांबले आणि म्हणाले, “म्हणजे आता मतदानाला येणार नाहीस.”

“नाही.”

“मग दिवाळीला तरी येत जा.” आणि पुन्हा ठोकायला लागले. मी गेल्या दिवाळीला चार दिवस राहिले होते, पण हे दादांना सांगण्यात अर्थ नव्हता.

पुरवणी यादी लागली आणि महिन्याभरात गल्लीत खोदकाम सुरू झालं. एकही मत पडलं नव्हतं. निवडणुकीला अवकाश होता. नगरसेवकांनी यादी वाचली होती, बस. चाळीच्या तोंडाशी नळ लागला तेव्हा त्यांनी नारळ फोडला, भाषण केलं, आणि बायकांनी टाळ्याही वाजवल्या. पांडुअण्णांनी पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवलं. ते फार थोर झाले असं समजू नका.

आता मला वेगळीच काळजी लागली. नळ तर आला. मग मत द्यायला येतील कशाला? मतदान कामाच्या दिवशी होतं. सुट्टी कारखान्यांना, घरकामाला नाही. सोसायटीतल्या बायका म्हणणार, आज सगळे घरी आहेत, लवकर या. कमी मतदान झालं असतं तर साहेब बोलले असते, ते सोडा. पण पुढच्या वेळी कोणीतरी म्हणालं असतं, नावं नुसती लावली, येत कोणी नाही. आणि पाइपलाइन पुन्हा वळसा घालायला शिकली असती.

मतदानाच्या सकाळी मी शाळेच्या दारात टेबल मांडून चिठ्ठ्या काढत बसले. कोणी कोणाला मत दिलं हे मी आयुष्यात विचारलं नाही, तेव्हाही विचारणार नव्हते. सात वाजता समोर कोणी नव्हतं. सात वाजून पाच मिनिटांनी खोल्यांच्या बाजूने बायका आल्या. कामाला जायच्याच साड्या, हातात डबे. रांग फाटकाबाहेर गेली. साडेसातला गावकीचा ट्रॅक्टर आला, आणि गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्याला पुढे जागा नव्हती. पांडुअण्णा उतरून तडक दाराकडे निघाले.

“अण्णा,” रांगेतून रंजनाताई म्हणाल्या, “लाइन तिकून आहे.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीत डोकं घातलं. ते पुटपुटत मागे गेले आणि ‘दुसरी सात’मधल्या आजीबाईंच्या मागे उभे राहिले.

आठच्या सुमारास देवधर आले. त्यांचं नाव मी स्वतः पुन्हा लावून घेतलं होतं. चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट पाहिली. “जिवंत केल्याबद्दल आभारी आहे,” म्हणाले आणि रांगेत गेले. मी अर्ध्या तासाने टेबल दुसऱ्या बाईंकडे सोपवून स्वतःची चिठ्ठी स्वतःच काढली आणि शेवटी जाऊन उभी राहिले.

मत देऊन मी परत टेबलावर आले तेव्हा ऊन चढलं होतं. रंजनाताई कामाला जायच्या आधी घरी जाऊन आल्या. हातात काठोकाठ भरलेला स्टीलचा तांब्या.

“मत दिलं ना बाई? दाखवा बोट.”

मी दाखवलं. त्यांनी आपलं माझ्या बोटाशेजारी धरलं. “नळाच्या मांगं लागली होती मी,” त्या म्हणाल्या. “आता नाही आलो तर उद्या कोणी म्हणीन, या बायायले नळ कायले पायजे.”

मी पाणी प्यायले. पोटभर प्यायले. तरी तांब्यात निम्म्याहून जास्त उरलं. सवयीने मी तो तसाच परत द्यायला लागले.

“सांडा ना बाई,” रंजनाताई म्हणाल्या. “आहे आता.”